आराखडा येण्याआधी गाव मोजून ठेवू

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या सगळ्यांच्या दारासमोरच्या रस्त्याचा आहे.

नगरपरिषदेने शहराचा नवीन विकास आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर केलाय. 'इरादा' हा कायद्यातलाच शब्द, माझा नाही. नोटीस पेपरात आली ती आतल्या पानावर. एका बाजूला निविदा, दुसऱ्या बाजूला 'माझे अशिलांनी सांगितल्यावरून' अशी वकिलाची जाहिरात, मधे ही. त्या दिवशी गावात चर्चा कशाची होती? स्टँडसमोरच्या कमानीवर नाव कुणाचं टाकायचं, याची. कमेंटचा नुसता पाऊस. आराखड्याच्या नोटिशीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

हा आराखडा, म्हणजे आपल्या भाषेत डीपी, करतो काय? तुमच्या गल्लीतला रस्ता नऊ मीटरचा राहणार की पंधराचा होणार, कुणाचा मळा पिवळ्या पट्ट्यात येणार आणि कुणाचा हिरव्यात राहणार, शाळा, दवाखाना, मंडई, बाग, कचरा डेपो यांची आरक्षणं कुणाच्या सातबाऱ्यावर पडणार, हे सगळं त्या एका नकाशावर ठरतं. कायदा १९६६ चा आहे, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. निदान वीस वर्षांतून एकदा आराखडा सुधारायचा असं तो सांगतो. म्हणजे आज सातवीत असलेल्या पोरांना पोरं होतील तोवर हाच नकाशा.

क्रम असा असतो. आधी इरादा. मग सध्या कुठल्या जागेवर काय आहे त्याचा नकाशा, 'विद्यमान जमीन वापर नकाशा' म्हणतात त्याला. मग प्रारूप आराखडा. तो प्रसिद्ध झाला की आपल्यासारख्या गावाला हरकती आणि सूचना द्यायला तीस दिवस. मग नियोजन समितीपुढे सुनावणी, मग सरकारकडे मंजुरी. आपली जनता जागी होते ती त्या तीस दिवसांतल्या पंचविसाव्या दिवशी, कुणाच्या तरी प्लॉटवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलंय ही बातमी चहाच्या टपरीवर पोचली की. मग धावपळ. मग एकाच मजकुराच्या झेरॉक्स, खाली फक्त नाव आणि सही वेगळी. 'आमच्यावर अन्याय झाला असून सदर आरक्षण उठवावे ही नम्र विनंती.' सुनावणीत अशा अर्जाला दोन मिनिटं मिळतात, कारण त्यात विचारात घेण्यासारखं काही नसतंच.

माझं म्हणणं एवढंच आहे. तीस दिवसांत आख्ख्या गावाचा अभ्यास होत नाही. तो आत्ता करावा लागेल, नकाशावाले त्यांचं काम सुरू करतायत तेव्हाच. आणि तो आपल्याला करता येतो. शहराचा अभ्यास म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्रोफेसर लोकांचं काम, हा समज आधी डोक्यातून काढा.

याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९१४ ला पॅट्रिक गेडीस नावाचा एक स्कॉटिश माणूस हिंदुस्थानात आला. मूळचा वनस्पतिशास्त्राचा, पण शहरांच्या मागे लागलेला. येताना त्याने शहरांविषयीचं मोठं प्रदर्शन जहाजातून पाठवलं होतं, ते पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवलं. गडी डगमगला नाही, पुन्हा जमवाजमव करून त्याने मद्रासला प्रदर्शन भरवलं. पुढची दहा वर्षं या देशातल्या कितीतरी शहरांवर त्याने अहवाल लिहिले. त्याचा नियम एकच: आधी पाहणी, मग नकाशा. आणि पाहणी म्हणजे पायी. गल्लीबोळातून फिरायचं, कुठलं घर पडायला आलंय, कुठली विहीर चालू आहे, लोक कुठे बसतात हे बघायचं, आणि जेवढं बिघडलंय तेवढंच नीट करायचं. सरळ रेघ मारून अर्धा मोहल्ला पाडायचा, हे त्याला मान्य नव्हतं.

इंदूरला होळकरांच्या दरबारासाठी त्याने केलेलं काम तर ऐकण्यासारखं आहे. प्लेगचे दिवस होते. त्याने दिवाळीला मिरवणूक काढली, त्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या गल्ल्यांनी घरं साफ आणि दुरुस्त केली असतील तिथूनच जाईल, असं त्याने आधी सांगून ठेवलं. मग काय, आख्खं शहर झाडू घेऊन बाहेर. त्याचा इंदूरचा अहवाल १९१८ ला दोन खंडांत छापला गेला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा पहिला प्रमुख हाच, त्याच्यानंतर ती जागा आपल्या गो. स. घुर्यांकडे आली.

बरं, तो परका होता म्हणून सोडून देऊ. धनंजयराव गाडगिळांनी गोखले इन्स्टिट्यूटमधून पुणे शहराची घरोघर पाहणी करवली, ती १९४५ ला प्रसिद्ध झाली. पुढे १९५० च्या दशकात त्याच शहराची पुन्हा पाहणी झाली, मधल्या काळात कुणाची नोकरी, कुणाची मिळकत कशी बदलली ते बघायला. त्याच संस्थेच्या ना. वि. सोवनींनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली. आणि इरावतीबाई कर्वे, 'युगान्त'मुळे आपल्याला माहीत असलेल्या, त्यांनी जयंत रानडिव्यांबरोबर १९६५ मध्ये एका वाढत्या गावाचा आणि त्याच्या आजूबाजूच्या खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते गाव म्हणजे फलटण. आपल्यासारखंच तालुक्याचं ठिकाण. गावाबरोबर भोवतालची खेडीही धरली हे त्यातलं महत्त्वाचं. तालुक्याचं गाव आपल्या हद्दीत संपत नाही हे त्यांनी साठ वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपल्या नकाशांना ते अजून ओळखता येत नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचे वाटतात ते ना. गो. चापेकर. हे संस्थेतले नव्हते की विद्यापीठातले. न्यायखात्यातली नोकरी संपवून बदलापूरला राहिले आणि गावाचा सगळा संसार कागदावर उतरवून काढला: माणसं, जाती, धंदे, शेती, चालीरीती, बोली. 'बदलापूर' हे पुस्तक १९३३ ला आलं. पुढच्याच वर्षी ते बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण मला त्यांचं मोठेपण या पुस्तकात दिसतं. एका निवृत्त माणसाने, स्वतःच्या गावासाठी, मराठीत केलेलं काम.

आता त्याच बदलापूरचं काय झालं बघा. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या २००१ ला लाखाच्या आत होती, २०११ ला ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ. मुंबईत परवडत नाही म्हणून लोक रेल्वेच्या रुळाला धरून इथवर आले. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. देशभर टीव्हीवर ती गाडी दिसली. पण पाणी नुसतं रुळांवर नव्हतं, नदीकडेच्या सोसायट्यांतही शिरलं होतं. गाव एका वेगाने वाढतं, त्याचा कागद दुसऱ्या वेगाने, आणि नदी दोघांनाही विचारत नाही.

आपण बदलापूर नाही. आपल्याकडे लोकल येत नाही. पण कागद मागे पडायचा रोग आपल्याकडेही आहेच.

तर सुरुवात कुठून करायची? जनगणनेपासून. प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका असते, २०११ ची जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. एका भागात गावं आणि शहरांच्या सोयीसुविधा: पाणी कुठून, गटारं उघडी की बंद, दवाखान्यात खाटा किती, अग्निशमन आहे का. दुसऱ्या भागात प्रभागनिहाय माणसं: किती, सहा वर्षांखालची किती, साक्षर किती, शेतीवर किती, शेतमजुरीवर किती, 'इतर' कामावर किती. घरांचे तक्ते वेगळे आहेत. पाणी घरात येतं की बाहेरून आणावं लागतं, संडास आहे का, चूल कशावर पेटते, दारात सायकल आहे की मोटारसायकल, सगळं प्रभागवार. मी हे तक्ते उघडतो तेव्हा एखाद्या नगरसेवकाच्या भाषणापेक्षा मला जास्त समजतं. इंग्रजी आहे, पण आकडे कुठल्याही भाषेत आकडेच.

अडचण अशी की हा माल २०११ चा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आधी कोविड, मग पुढे ढकलत ढकलत. आता नवीन जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे सोळा वर्षांची फट. नवे प्रभागनिहाय तक्ते हातात पडायच्या आधी आपला आराखडा बनला तर तो कशावर बनणार? २०११ च्या आकड्यावरून पुढचा आकडा काढून. याला लोकसंख्येचा अंदाज म्हणतात, आणि आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच असतो.

हा अंदाज कसा काढतात, गंमत बघा. समजा एका गावाची लोकसंख्या २००१ ला ३० हजार, २०११ ला ३६ हजार. एक पद्धत म्हणते, दहा वर्षांत ६ हजार वाढले, तर दर दहा वर्षांनी ६ हजारच वाढतील. २०३१ ला झाले ४८ हजार. दुसरी पद्धत म्हणते, वाढ वीस टक्क्यांची होती, दर दहा वर्षांनी वीस टक्के धरा. २०३१ ला झाले ५१ हजार ८४०. दोन्ही हिशेब बरोबर, तरी जवळपास चार हजार माणसांचा फरक. आणि दोन्ही हिशेबांना हे ठाऊकच नाही की २०१५ ला बायपास झाला, त्याच्या कडेला प्लॉटिंग सुरू झालं आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं पोरांच्या इंग्लिश मीडियमसाठी गावात भाड्याने राहायला आली.

चार-दहा हजारांनी काय फरक पडतो म्हणाल, तर पाणी घ्या. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर धरायचं असा दंडक आहे. ५० हजारांच्या गावाला रोज ६७ लाख ५० हजार लिटर. खरी माणसं ६० हजार निघाली तर ८१ लाख. फरक साडेतेरा लाख लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे १३५ टँकर. रोज. आता उन्हाळ्यात टँकर कुणाचे फिरतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

मोकळ्या जागेचंही तसंच. केंद्र सरकारच्या नगर नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. ५० हजारांना दहाच्या दराने ५० हेक्टर, जवळपास सव्वाशे एकर. आपल्या गावातली मैदानं आणि बागा मनातल्या मनात जोडा आणि सव्वाशे एकर होतात का बघा. शाळेचं पटांगण धरलं तरी.

आता हद्दीची गोष्ट, जी इरावतीबाईंना कळली होती. आपल्या नगरपरिषदेची हद्द जिथे संपते तिथे गाव संपतं का? ओढ्याच्या पलीकडच्या कॉलन्या ग्रामपंचायतीत आहेत. तिथली पोरं इथल्या शाळेत येतात, माणसं इथे कामाला येतात, भाजी इथून नेतात, गाड्या इथे लावतात. कर तिकडे भरतात, तोही भरला तर. ते गाव कागदावर खेडं आहे. जनगणनेत यासाठी एक वेगळा वर्ग आहे, 'जनगणना नगर'. लोकसंख्या निदान ५ हजार, कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं, असं असेल तर जनगणना त्या गावाला शहर म्हणते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. देशात अशी नगरं २००१ ला १,३६२ होती, २०११ ला ३,८९४ झाली. जवळपास तिप्पट. शहराचं सगळं आलं, फक्त गटार, आराखडा आणि अग्निशमनची गाडी तेवढी आली नाही. आपल्या भोवतालची कुठली गावं या मापात बसतात ते पुस्तिकेतून काढायला एक संध्याकाळ पुरते.

कागदाचा दुसरा साठा नगरपरिषदेतच आहे. मालमत्ता कराची आकारणी यादी, नळजोडण्यांचा आकडा, बांधकाम परवानग्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी, अर्थसंकल्प. मतदार यादी तर कुणालाही मिळते, २०११ नंतर कुठला भाग फुगला ते भागनिहाय मतदारांवरून सरळ दिसतं. जे मिळत नाही त्याला माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये. पण एक सांगतो, अर्ज मोघम करू नका. 'विकास आराखड्याची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहिलं की 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने' असं उत्तर ठरलेलं. नकाशाचं नाव, वर्ष, पान मागा.

जुने नकाशे भूमी अभिलेखकडे मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत ओढे-नाले कुठून जायचे ते दिसतं. आणि कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडलं तर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं एकामागून एक बघता येतात. आपल्या गावावर हे करून बघा. ओढा आधी रुंद, मग अरुंद, मग त्याच्यावर पत्र्याची शेड, मग तो ओढाच दिसेनासा. कुणावर आरोप करायची गरज नाही, तारखेसह चित्र समोर ठेवलं की पुरे.

पण कागद आणि उपग्रह यांना न दिसणारं बरंच काही असतं, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. बाजारतळाचं उदाहरण घ्या. आपला बाजार आठवड्यातून एक दिवस भरतो. ड्रोन उडवायला आलेली पोरं बाकीच्या सहा दिवसांपैकी एखाद्या दिवशी आली तर त्यांना काय दिसणार? मोकळी जागा. नकाशावर 'मोकळी जागा' असा रंग भरला जाणार. आणि गावाच्या मध्यावर मोकळी जागा दिसली की तिथे व्यापारी संकुल सुचायला वेळ लागत नाही. मग शंभर वर्षं जिथे भाजी विकली जाते तिथल्या बायका जाणार कुठे? हायवेच्या कडेला. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. ५० हजारांच्या गावात ते साडेबाराशे होतात. त्यांची जागा आराखड्यात दाखवायला हवी, तर ते मोजलेले हवेत.

म्हणून एका बाजाराच्या दिवशी चार जणांनी चार टोकांना उभं राहून मोजायचं. किती विक्रेते, किती बायका, किती बाहेरगावचे, माल कुठून आला, परत कसे जाणार, दिवसभरात लघवीला कुठे जातात. हा शेवटचा प्रश्न लाजून गाळू नका. बाजारतळावर बायकांसाठी सोय नाही ही गोष्ट कुठल्याच नकाशात येत नाही आणि सकाळपासून पाणी न पिता बसणाऱ्या बाईला ती रोज कळते.

दुसरं काम याहून सोपं आणि जास्त झोंबणारं. जुना मंजूर आराखडा मिळवायचा. त्यातल्या प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो. एकेक क्रमांक घेऊन जागेवर जायचं, फोटो काढायचा आणि वहीत दोनच रकाने: काय ठरलं होतं, आज काय आहे. बाग ठरली होती, तिथे मंगल कार्यालय आहे. शाळा ठरली होती, बाभळी आहेत. कायदा असा आहे की मंजुरीनंतर दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मग ठरलेल्या मुदतीतही संपादन झालं नाही तर आरक्षण संपतं. नगरपरिषदांकडे मोबदल्याला पैसे नसतात, म्हणून आरक्षणं अशी एकेक गळत जातात. जमीनमालकालाही यात दोष देता येत नाही, वीस-वीस वर्षं अडकून पडलेली जमीन कुणाला परवडते? पण नवीन आराखड्यात पुन्हा तसलीच पन्नास आरक्षणं टाकायची की परवडतील तेवढी दहा टाकून ती खरोखर घ्यायची, हा प्रश्न त्या वहीशिवाय विचारता येत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, मला माहीत आहे. 'अहो, सगळं आधीच ठरलेलं असतं. कुणाचा पट्टा पिवळा करायचा ते बंगल्यावर ठरतं. तुम्ही मोजत बसा.'

खोटं नाही ते. पण पूर्ण खरंही नाही. मुंबईचं उदाहरण बघा. मुंबईच्या नव्या आराखड्यासाठी २०१२ मध्ये विद्यमान जमीन वापराचे नकाशे लोकांसमोर आले. लोकांनी वॉर्डावॉर्डात ते घेऊन जागेवर पडताळणी केली तर चुकाच चुका. पुढे २०१५ ला प्रारूप आराखडा आला, त्यातही उभ्या इमारतींमधून रस्ते, वारसा वास्तूंच्या नोंदी गायब. हरकतींचा ढीग पडला. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगावं लागलं. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. तिथेही बंगले होते, बिल्डर होते, आपल्यापेक्षा मोठे. पण 'इथे बाग आहे, तुम्ही इमारत दाखवलीय, हा फोटो, हा सर्व्हे नंबर' असं म्हणणाऱ्या माणसाला 'तुमचं म्हणणं भावनिक आहे' असं उत्तर देता येत नाही.

मुंबईत संस्था आहेत, वास्तुविशारद आहेत, इंग्रजी पेपर आहेत. आपल्याकडे काय? ७४ व्या घटनादुरुस्तीने नगर नियोजन हे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवलं, पण प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना. त्याखालच्या गावांना तेवढीही खिडकी नाही. लहान गावाला वेळ कमी, माणसं कमी आणि वरून सगळ्यांची सगळ्यांशी ओळख. ज्याच्या प्लॉटबद्दल हरकत घ्यायची तो आपल्या मेव्हण्याचा भागीदार निघतो. म्हणूनच माणसाविरुद्ध न बोलता आकड्यावर बोलणं आपल्याला जास्त सोयीचं आहे. 'अमक्याने ओढा बुजवला' म्हणालात तर भांडण. 'या ओढ्याची रुंदी जुन्या नकाशात एवढी, आज टेपने मोजली तर एवढी' म्हणालात तर ती हरकत.

कॉलेजच्या प्राध्यापक मंडळींना एक विनंती. भूगोल आणि समाजशास्त्राच्या मुलांना दरवर्षी प्रकल्प द्यावा लागतो, आणि दरवर्षी 'ग्रामीण विकासात बचत गटांची भूमिका' हाच विषय फाईल बदलून येतो. यंदा त्यांना एकेक प्रभाग वाटून द्या. किती घरं, किती मजले, किती भाडेकरू, नळाला पाणी किती मिनिटं, पाऊस पडला की कुठे तुंबतं. एका मुलाला शंभर घरं, दोन रविवार. मुलांना मार्क मिळतील आणि गावाला एक वही मिळेल. हायस्कूलच्या भूगोलाच्या सरांनाही हे जमेल, नकाशावाचन पुस्तकातल्या कुठल्या तरी स्थलनिर्देशक नकाशावर शिकवण्यापेक्षा आपल्या गावावर शिकवा.

नगरसेवक मंडळींनाही सांगतो, ही वही तुमच्या विरोधात नाही. सुनावणीत नियोजन समितीवर तुमच्यातलेच लोक बसणार आहेत. त्यांच्यापुढे आकडे असले तर वरून येणाऱ्या दबावाला 'लोकांचा पुरावा आहे, साहेब' एवढं तरी म्हणता येईल.

सध्या दोन कामं करतोय. जुन्या मंजूर आराखड्याच्या नकाशाची आणि आरक्षणांच्या यादीची प्रत मागणारा अर्ज दिलाय, मिळाली की स्कॅन करून इथेच टाकतो. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी सात वाजता बाजारतळावरच्या पिंपळाखाली मोजणीला उभा राहणार आहे. निदान सहा जण हवेत, त्यातल्या तीन बाया असतील तर बरं, कारण काही प्रश्न त्यांनीच विचारलेले चांगले. वही-पेन घेऊन या, नाश्ता माझ्याकडून.

ज्यांच्याकडे ओढ्याचे, बाजारतळाचे, जुन्या वेशीचे २०११ च्या आधीचे फोटो असतील त्यांनी कमेंटमध्ये टाका. अंदाजे वर्ष आणि फोटो कुठे उभं राहून काढला तेवढं लिहा. लग्नातले चालतील, मागे रस्ता दिसत असला म्हणजे झालं.